ऐंशीने धावणारा डॉक्टर

उभ्या मोटरसायकलपाशी माणूस आला की सगळ्यात आधी काय पाहतो? इंजिन नाही, चाकं नाहीत, मालकाचं तोंड तर मुळीच नाही. तो दोन्ही तळवे डोळ्यांच्या बाजूंना धरतो, हँडलवर वाकतो आणि मीटरच्या काचेतून शेवटचा आकडा वाचतो. मग मागे वळून बरोबरच्याला सांगतो, "शंभरची हाय." झालं. गाडीची लायकी ठरली. ती गाडी चाळीसच्या पुढे गेली की तिचे नट गळून पडतात, हे त्याला कोण सांगणार आणि सांगितलं तरी कोण ऐकणार?

या एका सवयीवर माझं पोट वर्षानुवर्षं चाललं. पुलगावात स्टेशनकडून बाजाराकडे येताना डाव्या हाताला माझं दुकान होतं. पाटीवर वामनराव हे माझं नाव होतं, पण ते वाचलं कोणी नाही. मला सगळे 'मीटरवाले' म्हणत. माझ्या मामांचं वर्ध्याला घड्याळाचं दुकान होतं, तिथे मी हात बसवला. पुढे लढाई संपली, सैन्याच्या जुन्या मोटरसायकली लिलावात निघाल्या आणि आमच्या भागात त्यांचा सुळसुळाट झाला. इंजिन दुरुस्त करणारे मिस्त्री पुष्कळ होते. पण मीटर बिघडला की ते त्याला हातोडीच्या दांड्याने दोन टपल्या मारत आणि नशिबावर सोडून देत. मी घड्याळाचे चिमटे घेऊन मध्ये शिरलो. स्पर्धा नव्हती, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासूनच नामांकित होतो.

ज्यांना या यंत्राची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पुढच्या चाकापासून एक लवचीक तार नळीतून वर मीटरपर्यंत येते. चाक फिरलं की तार फिरते, तार फिरली की मीटरच्या पोटातलं लोहचुंबक फिरतं. त्या चुंबकावर ॲल्युमिनियमची एक वाटी असते. दोघं एकमेकांना शिवत नाहीत. चुंबक नुसतं फिरतं आणि वाटीला त्याच्या मागे जावंसं वाटतं. तिला मागे ओढून धरायला केसाएवढी बारीक स्प्रिंग असते. जावंसं वाटणं आणि ओढून धरणं, या दोहोंच्या मधे जिथे तडजोड होते तिथे काटा उभा राहतो. मी हे गिऱ्हाइकांना सांगे तेव्हा लग्न झालेली माणसं लगेच समजत.

आता असा तडजोडीवर उभा असलेला काटा थोडा इकडेतिकडे बोलणारच. स्प्रिंग मऊ पडली की जास्त दाखवतो. चुंबक म्हातारं झालं की कमी दाखवतो. टायर झिजला की चाक लहान होतं, तेवढ्याच रस्त्याला जास्त गिरक्या घेतं, आणि काटा फुशारतो. तारेत तेल सुकलं की काटा थरथरतो. आणि नवाकोरा मीटरसुद्धा कारखान्यातून थोडं जास्तच दाखवणारा येतो. कमी दाखवण्यापेक्षा ते बरं. त्याच मीटरमध्ये खाली एकूण अंतराचे आकडे सरकतात. ते मात्र दातेरी चाकांवर चालतात, त्यांना भावना नसतात. काट्याचं मनावर घेऊ नये, आकड्यांचं घ्यावं, असा माझा धंद्यातला नियम.

देवळीकडचे एक पाटील होते. त्यांच्या गाडीचा काटा चाळिसावर अडकलेला. गाडी गोठ्यात उभी असतानाही चाळीस. मी म्हटलं, ठेवून जा, संध्याकाळी देतो. ते म्हणाले, काटा सोडून बाकीचं काय असेल ते पहा. दारात गाडी उभी असली तरी ती चालल्यासारखी दिसते, ते आमच्या घरच्यांना आवडतं. मी तार पुसून दिली आणि काट्याला लांबून नमस्कार केला.

अशा माझ्या दरबारात एक दिवस डॉक्टर मधुकर आले.

हे जनावरांचे डॉक्टर, सरकारी नोकरीतले. नुकते पुलगावला बदलून आलेले, वय सव्वीस-सत्तावीस, अंगाने काटक, बोलण्यात लाजरे. सोबत विधवा आई. नाचणगावपासून आर्वीच्या वाटेवरच्या गावांपर्यंत कुठेही गाय अडली, बैल फुगला की यांना बोलावणं. डॉक्टर लाजरे होते, पण त्यांची मोटरसायकल नव्हती. लाल भडक, टाकीवर चकाकती पट्टी, आणि बनावट चेकोस्लोव्हाकियाची. नागपूरच्या कुठल्याशा परदेशी इंजिनिअरने मायदेशी जाताना ती विकली होती. आम्ही तोवर पाहिलेल्या सगळ्या गाड्या विलायती, सैन्यातल्या, मातकट रंगाच्या. त्यांच्या मीटरवर ऐंशीला आकडे संपत. या लाल बाईच्या मीटरवर शेवटचा आकडा होता एकशे वीस.

पुलगाव हललं. माझ्या दुकानासमोर चहाचं दुकान चालवणारा भाऊराव तर गिऱ्हाईक सोडून धावत आला, वाकला, आणि सरळ होऊन त्याने मला नुसतीच मान हलवून दाखवली.

त्या मीटरच्या काचेवर, खालच्या बाजूला मधोमध, कुंकवाचा एक ठसठशीत टिळा होता. दसऱ्याला गाडीची पूजा आपण सगळेच करतो. हँडलला झेंडू, चाकाखाली लिंबू, आणि टिळा दिव्यावर किंवा टाकीवर. डॉक्टरांच्या आईने मात्र तो मीटरवर लावला होता. तेलात कालवलेलं कुंकू, अंगठ्याने दाबून. तिचं म्हणणं सरळ होतं. पोराचं लक्ष सारखं त्या काचेत असतं, तेव्हा देवाने तिथेच राहावं. उन्हाने तो टिळा काचेत मुरल्यासारखा पक्का झाला होता. पुसायचा नाही, अशी ताकीद होती. मी काच पुसताना त्या टिळ्याला वळसा घालून फडकं फिरवत असे.

डॉक्टर ऐंशीने जातात ही बातमी उठली ती खोटी नव्हती. डॉक्टर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हतेच. पुलगावबाहेर सैन्याच्या गाड्यांमुळे रस्ता डांबरी आणि सपाट होता, तिथे काटा ऐंशीला टेकायचा. त्यांनी स्वतः पाहिला होता, मी मागे बसून पाहिला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी पाहिला होता. त्यांची एकच तक्रार होती की अंतराचे आकडे फार भराभर सरकतात. आर्वी बावीस मैल, आणि मीटर पस्तीस दाखवतो. मी त्यांनाच उलट विचारलं की वाटेत किती खेड्यांत वळता? ते म्हणाले, तीन-चार. मग झालं की, मी म्हटलं. दोघांचंही समाधान झालं.

आणि लोकांना ते ऐंशी हवे होते, हेही खरं. म्हैस अडलेली असताना घरधनी अंगणात उभा राहून शेजाऱ्यांना सांगे, काळजी नको, डॉक्टर ऐंशीने निघाले आहेत. त्या आकड्याने माणसांना धीर यायचा. म्हशीचं माहीत नाही.

आता दुसरं घर. आमच्या पुलगावहून आर्वीला एक छोटी रेल्वे जाते. अरुंद रूळ, चिमुकलं इंजिन, चार-दोन डबे. त्या गाडीचे गार्ड गोविंदराव. उंच, करडी मिशी, पांढरा गणवेश, खिशात साखळीचं घड्याळ. त्यांची गाडी भरधाव सुटली तर ताशी बारा मैल जायची, आणि भरधाव सुटणं गोविंदरावांना पसंत नव्हतं. वाटेत कोणाची शेळी रुळावर बसली तर ते गाडी थांबवत, शेळी उठवत, मालकाला चार शब्द सुनावत आणि मग हिरवं निशाण दाखवत. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीने कोंबडीसुद्धा दुखावली नव्हती. बायको लवकर गेली. एकच मुलगी, कुसुम. शाळेत जाण्याआधीची तिची वर्षं शेवटच्या डब्यात, बापाच्या निशाणांशी खेळण्यात गेलेली. आता ती नाचणगावच्या प्राथमिक शाळेत शिकवत होती.

त्या शाळेसमोर एकदा डॉक्टरांनी गाडी लावली आणि ते शेजारच्या गोठ्यात शिरले. इकडे अख्खा दुसरा वर्ग खिडकीतून, दारातून गाडीवर. कुसुम पोरांना हाकलायला बाहेर आली. पोरं पांगली. मग तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दोन्ही तळवे डोळ्यांच्या बाजूंना धरले आणि वाकली. तेवढ्यात डॉक्टर हात धूत बाहेर आले. हे मला दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितलं आहे, आणि दोघांच्या सांगण्यात आधी कोण हसलं एवढाच फरक आहे.

पुढे त्या गोठ्यातल्या गायीला फार वेळा तपासावं लागलं. गाय बरी झाल्यावरसुद्धा. शेवटी डॉक्टरांच्या आईने रीतसर माणूस पाठवला. गोविंदरावांना मुलगा पसंत, घर पसंत, आई तर फारच पसंत. सुपारी फुटायचीच बाकी होती. आणि कोणीतरी कौतुकाने त्यांना सांगितलं की तुमचा होणारा जावई ऐंशीने जातो.

गोविंदराव सरळ माझ्या दुकानात आले. गणवेशातच. मला म्हणाले, "मीटरवाले, त्या पोराची गाडी तुमी पाह्यता. खरं सांगा, तो ऐंशीनं जाते का?"

मी पेच ओळखला. मी चिमटा खाली ठेवला, चष्मा पुसला, आणि काट्याचं असं असतं, तसं असतं, हवामानावर असतं, असं एक लांबलचक व्याख्यान सुरू केलं. त्यात आकडा यायच्या आत भाऊराव चहाची किटली घेऊन पोचला. "ऐंशी म्हंजे काई नाई, गार्डसाहेब," तो म्हणाला, "आकडे एकशे वीसवर हायत. त्यानं मनावर घेतलं तं नागपूर गाठन आन् चहा थंडा व्हायच्या आत वापस."

गोविंदरावांनी चहा घेतला नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "माह्या एकुलत्या एक पोरीले मी ऐंशीच्या मागे बसवू?" आणि गेले. संध्याकाळी निरोप आला की लग्नाचं तूर्त राहू द्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. दोन दिवस जेवले नसावेत असा चेहरा. जनावरांच्या दुखण्यावर तासभर बोलू शकणारा माणूस, पण स्वतःचं दुखणं त्याला सांगता येत नव्हतं. बराच वेळ माझ्या खोक्यातले स्क्रू मोजत बसले. मग म्हणाले, "वामनराव, काटा कमी दाखवन असं काई करता येते का?"

येतं. स्प्रिंग थोडी ताठ केली की ऐंशीचे साठ होतात, आणखी ताठ केली की चाळीस. घड्याळजीला हे खेळणं आहे. मला वाटलं, करून टाकावं. दोन जिवांचं भलं होत असेल तर स्प्रिंगच्या अर्ध्या वेढ्याचं पाप मी आनंदाने डोक्यावर घेतलं असतं. अडचण एकच होती. स्प्रिंगपर्यंत जायला काच काढावी लागते, काच काढायला तिची कडा दाबून फिरवावी लागते, आणि त्यात आईचा टिळा जाणार. मी म्हटलं, आईंना विचारून या.

डॉक्टरांची आई स्वतःच आली. ठेंगणी, गोल, कासोटा घालणारी बाई. लेकाने तिला काय सांगून आणलं होतं कोण जाणे. ती गाडीपाशी उभी राहिली, तिने काचेला हात लावून कपाळाला लावला आणि मला म्हणाली, "माह्याच हातानं लावला होता बाबू, माह्याच हातानं काढतो. दुसऱ्यानं काढू नये." तिने पदराचं टोक ओलं केलं आणि ती काच पुसू लागली. कुंकू सहज निघेना. तिने पुन्हा ओलं केलं, पुन्हा घासलं. लाल पाणी काचेवरून ओघळलं. आणि त्या टिळ्याखालून, मीटरच्या पांढऱ्या तबकडीवर, बारीक काळी अक्षरं वर आली.

मी वाकलो. डॉक्टर वाकले. ती इंग्रजी अक्षरं होती, पण त्यांत मैलाचा एम एकटा नव्हता. आधी के होता. टिळा लागण्याआधीही आकड्यांखेरीज तिथे काही कोणी वाचलं नव्हतं.

आज तुमच्या पोरांना यात नवल वाटणार नाही. आता रस्त्यावरचे दगडसुद्धा किलोमीटरचे झाले. पण तेव्हा आमच्या जगात मैलाखेरीज दुसरं काही नव्हतं. दगड मैलाचे, नकाशा मैलाचा, बैलाला शिवी द्यायची तरी मैलाच्या हिशेबाने. किलोमीटर हा शब्द मी मामांकडच्या एका परदेशी घड्याळाच्या कागदावर वाचला होता, डॉक्टरांनी कॉलेजात. आणि आठ किलोमीटर म्हणजे साधारण पाच मैल, एवढं दोघांनाही येत होतं. दोघांनी एकाच वेळी मनात हिशेब केला. ऐंशी म्हणजे पन्नास.

डॉक्टरांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ज्या आकड्याने लग्न मोडलं होतं तो खोटा निघाला, म्हणजे आनंद व्हायला हवा. झालाही असेल आतून. पण वरून तो माणूस खुर्चीवरून उतरवल्यासारखा दिसत होता. "पन्नास?" तो म्हणाला. "फक्त?"

"पन्नास?" आई म्हणाली. "मंग बरं." आणि तिने पदर पिळला.

मी त्याच पावली गोविंदरावांकडे गेलो. मोठ्या थाटात गेलो, कारण अशी बातमी आयुष्यात एकदाच सांगायला मिळते. अक्षरांचं सांगितलं, मैलाचं सांगितलं, किलोमीटरचं सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्यांचं म्हणणं असं की अक्षरं कोणीही छापतो. कालपर्यंत तुम्हीच सगळे ऐंशी म्हणत होता, आज टिळा पुसला म्हणून पन्नास म्हणता, उद्या आणखी काही पुसाल. माझा विश्वास दोन गोष्टींवर आहे, मैलाचा दगड आणि हे घड्याळ. मी स्वतः मोजीन.

"पण मोजायचं तं गाडीवर बसा लागन," मी म्हटलं.

त्यांनी घड्याळाला किल्ली दिली. "बसतो ना," ते म्हणाले.

ते घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी रोज मिळवलेलं, सेकंदकाट्याचं. आणि वेग मोजायची याहून चांगली रीत मलाही ठाऊक नाही. काटा एका जागी धरून ठेवायचा, आणि एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंतचे सेकंद मोजायचे. मैलाला साठ सेकंद लागले तर ताशी साठ मैल, दोन मिनिटं लागली तर तीस. छत्तीसशेला सेकंदांनी भागा, उत्तर हातात.

गोविंदरावांच्या सुटीच्या दिवशी सकाळी आम्ही आर्वी रस्त्यावर पहिल्या दगडापाशी जमलो. आम्ही म्हणजे मी, डॉक्टर, त्यांची आई आणि कुसुम. आणि दुकान बंद करून आलेला भाऊराव, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं. गोविंदराव पूर्ण गणवेशात आले. टोपी, शिट्टी, आणि काखेत दोन गुंडाळलेली निशाणं. मी विचारलं निशाणं कशाला. ते म्हणाले की निशाणाशिवाय मी आजवर कुठलीच गाडी सुटू दिली नाही. ठरलं असं होतं की पहिल्या मैलात वेग जमवायचा, दुसऱ्या मैलात काटा ऐंशीवर धरून मोजायचं, आणि परतायचं. पाच-सात मिनिटांचं काम.

ते मागच्या सीटवर बसले. एक हात डॉक्टरांच्या खांद्यावर, दुसऱ्यात घड्याळ. कुसुमने पुढे होऊन विचारलं, "बाबा, भेव वाटून राह्यलं का?" त्यांनी शिट्टी फुंकली, हिरवं निशाण बाजूला धरून हलवलं, ते गुंडाळून परत काखेत घातलं आणि मग डॉक्टरांच्या खांद्यावर थाप दिली. लाल गाडी निघाली. थोड्या वेळाने नुसता आवाज राहिला आणि मग तोही राहिला नाही.

पाच मिनिटं गेली. सात गेली. दहा झाली तेव्हा भाऊराव म्हणाला की दगडच लांब असेल. पंधरा झाली. डॉक्टरांची आई रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि ओठ हलवू लागली. मी मनातल्या मनात त्या रस्त्यावरची वळणं मोजत होतो, बैलगाड्या मोजत होतो. ही परीक्षा माझ्याच बातमीतून निघालेली. एक म्हातारा माणूस, जन्मात ताशी बारा मैलांच्या पुढे न गेलेला. कुसुम रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिने एकदाही मागे वळून आमच्याकडे पाहिलं नाही. मी तिच्या बाजूला जाऊन काहीतरी म्हणायला गेलो तर ती हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, मले आता लगन नाई पायजे. दोघं वापस आले तं पुरे."

अर्ध्या तासाने आवाज आला. गाडी अगदी हळू येत होती. मागे गोविंदराव ताठ बसलेले, केस उभे, मिशी धुळीने पिवळी, आणि डोक्यावर टोपी नाही. डॉक्टरांचा चेहरा पांढरा. गाडी थांबली. गोविंदराव उतरले, कुसुमने त्यांना धरलं.

"टोपी कोठी गेली?" तिने विचारलं.

"उडाली."

"आन् तुमी थांबले नाई?"

"थांबलो असतो तं मोजणं चुकलं असतं," ते म्हणाले.

मग डॉक्टरांकडून कळलं ते असं. मोजणी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या मैलातच झाली होती. डॉक्टरांनी गाडी वळवायला घेतली तर मागून खांद्यावर थाप. अजून एक मैल. पुढच्या दगडाला पुन्हा थाप. मोजणं कधीच संपलं होतं, घड्याळ खिशात गेलं होतं, तरी थाप येतच होती. असं करत ते पार सोरट्याच्या पुढे गेले. तिथे गोविंदरावांनी गाडी थांबवायला लावली आणि उतरून ते रस्त्याकडे बघत उभे राहिले. रेल्वेचा गार्ड शेवटच्या डब्यात असतो, हे आपल्याला माहीत असतं, पण त्याचा अर्थ आपण लावत नाही. डॉक्टरांना ते म्हणाले, "इतके वर्सं याच वाटेनं जाऊन राह्यलो. पण मले नेहमी मागे पडलेलं दिसे. समोरून येणारं आज पाह्यलं." परतताना त्यांनीच सांगितलं, हळू चाल, मला नीट पाहू दे.

हे आम्ही ऐकत असताना गोविंदरावांनी घसा साफ केला. निकाल सांगायचा राहिला होता आणि तो त्यांना रीतसर सांगायचा होता. काटा ऐंशीवर धरला असता एका मैलाला लागलेला वेळ, ऐंशी सेकंद. ते ऐकून भाऊरावाला आनंदाचं भरतं आलं. "म्या म्हटलंच होतं ऐंशी," तो म्हणाला. मी भागाकार केला. पंचेचाळीस. किलोमीटरचे पन्नास मैल होत होते, त्यातलेही पाच काट्याने आणि झिजलेल्या टायरने आपल्या पदरचे घातले होते.

डॉक्टर मान खाली घालून गाडीची पट्टी पुसत होते. ऐंशीचे पन्नास, पन्नासचे पंचेचाळीस. आणखी थोडा वेळ तिथे थांबले असते तर ते पायी चालत होते असं सिद्ध झालं असतं. ते कुसुमकडे न बघताच म्हणाले, "पंचेचाळीसच निघाले."

कुसुम बापाच्या उभ्या राहिलेल्या केसांवरून हात फिरवत होती. "पुरे," ती म्हणाली. "पोचल्याशी मतलब."

गोविंदरावांनी काखेतलं हिरवं निशाण काढलं, उलगडलं आणि कोणाकडेही न बघता दोनदा हलवलं. डॉक्टरांच्या आईला रेल्वेची भाषा येत नव्हती, पण तिला तेवढं कळलं. ती रडायला लागली. भाऊरावही रडला. त्याचं कारण त्याला विचारलं नाही.

लग्न झालं. मीटरवर मी आतून एक बारीक कागद चिकटवून दिला, त्यावर निळ्या शाईने किलोमीटरच्या आकड्यांसमोर मैलाचे आकडे लिहिले. बाहेरून टिळा पुन्हा लागलाच, फक्त आईने या वेळी मला विचारून जागा निवडली. आणि खेड्यांतली माणसं डॉक्टर ऐंशीनेच येतात असं सांगत राहिली. त्यांना कागद दाखवायला कोणी गेलं नाही.

पावसाळा संपता संपता डॉक्टरांची बदली झाली. समुद्रपूरला. जिल्हा तोच, पण टोक दुसरं. पुलगावहून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट, तिथून पुढे. पन्नासाच्या वर मैल, आणि रस्ता कुठे आहे, कुठे नाही. बदलीचं सामान लॉरीत गेलं, आई लॉरीत पुढे बसली, आणि कुसुम डॉक्टरांच्या मागे. गोविंदराव ड्यूटीवर होते. त्यांची गाडी स्टेशनात उभी होती आणि ती त्या दिवशी वेळेवर सुटली नाही. अशी ती एकदाच.

पहिल्या दिवाळीला दोघं यायची होती. सकाळी समुद्रपूरहून निघतो, असा निरोप होता. त्या दिवशी मी दुकान उघडायला आलो तर गोविंदराव फळीवर बसलेले. सुटी घेतली होती, तरी गणवेश होता. नवी टोपी होती. वर्ध्याकडून येणारा रस्ता माझ्या दुकानातून सरळ दिसतो, घरून दिसत नाही, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. भाऊरावाने चहा दिला. तो त्यांनी घेतला आणि हातात धरून ठेवला.

थोड्या थोड्या वेळाने ते मला म्हणत, आता हिंगणघाट सोडलं असेल. आता वर्धा आलं असेल. हिशेब माझाच, त्यांना मीच शिकवलेला. पंचेचाळिसाने इतकं अंतर, म्हणजे इतका वेळ. मी समजावलं की पंचेचाळीस नुसती डांबरी रस्त्यावर. पुढे खडी आहे, नाले आहेत, मागे बायको आहे, बायकोच्या मांडीवर फराळाचा डबा आहे. वीस-पंचविसाच्या वर कोण जाईल? ते हो म्हणाले. आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसले.

ऊन चढलं. दोन बैलगाड्या आल्या, एक सैन्याची लॉरी आली, एक सायकल आली. गोविंदराव प्रत्येक वेळी उठले आणि बसले. मग ते माझ्याजवळ सरकले. भाऊराव आत कपबशा धूत होता, त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले, "मीटरवाले, मी काट्याचं नाई म्हणून राह्यलो. त्या गाडीलेच थोडं वाढवता येते का? पन्नास-साठ तरी?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर रस्त्यावरच ठेवली होती.

"पाह्यतो," मी म्हटलं.

"पाह्यजा," ते म्हणाले. "आन् कुसुमले सांगू नका."